सुटीत गावी नेलेला कुत्रा दर वेळी आजारी का पडतो : लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची वेळ

मे महिन्याची सुटी, गणपती आणि दिवाळी या तिन्ही वेळी मुंबईतून कोकणात आणि घाटावर जाणाऱ्या मोटारींत आता कुत्रीही असतात, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : इथे ठणठणीत असणारा प्राणी गावी पोहोचला की आजारी पडतो. मुलुंडच्या आमच्या वसाहतीत प्राणी पाळणारी घरे पुष्कळ आहेत आणि अशा सुट्यांत कोणाचा ना कोणाचा फोन मला महाडहून, चिपळूणहून किंवा थेट गावातून येतोच. मी पशुवैद्य नाही. स्वतःची कुत्री घेऊन अनेक वर्षे हाच प्रवास केल्यामुळे आणि शेजाऱ्यांच्या याच अडचणीत पुन्हापुन्हा मदत केल्यामुळे मूळ कारण साधारण कुठे सापडते, याची मला कल्पना आली आहे. ‘त्याला गावचे पाणी मानवत नाही’ असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो, आणि पुढच्या सुटीत तोच त्रास पुन्हा उद्भवतो. म्हणून फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो : घर सोडल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला? उष्णता, पोटाचा बिघाड, विष आणि गोचिडी यांना परिणाम दाखवायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो, आणि त्या वेळेवरून निम्मे निदान होते.

लक्षणे, ती दिसण्याच्या वेळेनुसार

निघाल्यापासून पहिल्या काही तासांत दोन गोष्टी होतात. सतत ओठ चाटणे, जांभया, तोंडातून लाळेच्या तारा आणि मग उलटी, हा क्रम गाडी लागण्याचा आहे. पनवेल मागे पडून वळणे सुरू झाली की तो दिसतो आणि गाडी थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. दुसरी गोष्ट याहून कितीतरी गंभीर आहे : न थांबणारी मोठी धाप, गडद लाल जीभ व हिरड्या, घट्ट चिकट लाळ, चालताना अडखळणे. हा उष्माघात आहे, आणि गाडी थांबवली म्हणून तो आपोआप ओसरत नाही.

पहिल्या रात्रीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत उलट्या, जुलाब, पोट गुरगुरणे आणि अन्नाकडे पाठ फिरवणे दिसते. बहुतेकदा कारण बदललेले अन्न किंवा पाणी असते. मात्र उलट्या वारंवार होत असतील आणि शौच मुळीच होत नसेल, तर आतड्यात काही अडकल्याची शंका घ्यावी.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कुत्रा सुस्त होऊन खोकू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, अंगावर कारण नसताना निळे-काळे डाग उमटले, तर रक्त गोठू न देणारे उंदरांचे विष पोटात गेल्याचा संशय येतो.

मुंबईला परतल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप, मंदावलेली भूक, फिकट हिरड्या, चहासारखी गडद लघवी किंवा नाकातून रक्त अशी लक्षणे दिसली, तर ती गोचिडींमुळे होणाऱ्या तापाची असण्याची शक्यता मोठी असते. हा आजार सुटीशी जोडला जात नाही, कारण तोवर शाळा-कचेऱ्या सुरू होऊन सुटी विसरली गेलेली असते. माझ्या अनुभवात सर्वांत उशिरा ओळखला जाणारा आजार हाच.

मांजरांचे एक लक्षण वेगळे सांगायला हवे. प्रवासात आणि परक्या घरात मांजर लघवी रोखून धरते. बोका शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये वारंवार बसतो, कण्हतो, पण थेंबही येत नाही, अशी स्थिती असेल तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो, आणि एका दिवसाच्या आतबाहेर ती जिवावर बेतते.

पुढील तपासण्या न करता थेट डॉक्टरकडे जाण्याची वेळ

पुढे ज्या तपासण्या सांगितल्या आहेत त्या कुत्रा उभा राहतो, हाकेला प्रतिसाद देतो आणि पाणी पितो अशा वेळच्या आहेत. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी झाल्या असतील, फिट आली असेल, पोट फुगून कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर पडत नसेल, उलटीत वा शौचात रक्त असेल, साप चावल्याची किंवा विष खाल्ल्याची शंका असेल, किंवा वर सांगितल्याप्रमाणे बोक्याची लघवी अडली असेल, तर हा मजकूर इथेच सोडावा आणि सर्वांत जवळच्या पशुवैद्याकडे निघावे. पोट फुगून कोरडे उमासे येणे हे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडल्याचे लक्षण असते. त्यावर घरगुती उपाय कोणताही नाही; तातडीने पोटातील वायू काढून शस्त्रक्रियाच करावी लागते आणि त्यात तासांना किंमत असते.

उष्माघातात मात्र क्रम उलटा आहे : आधी थंड करायचे आणि मग न्यायचे, किंवा नेता नेता थंड करायचे. कुत्र्याला सावलीत घेऊन पोट, जांघा, काखा आणि पंजे यांवर साधे गार पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, कारण तो काही वेळात गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. ताप १०३ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला की पाणी ओतणे थांबवावे, नाहीतर शरीर गरजेपेक्षा जास्त थंड पडते. कुत्रा सावरून शेपूट हलवू लागला तरी दवाखान्यात नेणे टाळू नये. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा पुढच्या दोन-तीन दिवसांत उघड होते.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी डोळ्यांची आणि बोटाची. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी : निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. याहून जास्त वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण मंदावले आहे. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडावी; ती लगेच बसली नाही तर शरीरात पाणी कमी आहे. झोपलेल्या कुत्र्याची छाती एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजावे. तीसच्या आत हा आकडा ठीक असतो. या गोष्टी गावी गेल्यावर पहिल्यांदा करू नयेत. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, काहींची कातडी सैल असते, त्यामुळे आपल्या कुत्र्याचे नेहमीचे चित्र मुंबईतच पाहून, शक्य तर मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवलेले असले, तरच बिघडलेले ओळखू येते.

दुसरी तपासणी खाण्याच्या वेळेची. निघण्याच्या तासभर आधी ‘वाटेत उपाशी राहील’ म्हणून भरपेट दहीभात घातलेला कुत्रा कशेडी किंवा परशुराम घाटात ओकणारच. मोठ्या कुत्र्याला निघण्यापूर्वी चार ते सहा तास जड अन्न देऊ नये. पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. अगदी लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवता येत नाही, त्याला थोडेसे खाऊ घालून वारंवार थांबत न्यावे. तरीही उलटी होत असेल तर पशुवैद्य प्रवासातील उलटीसाठी वजनानुसार गोळी देतात. माणसांची गाडी लागण्यावरची गोळी आपल्या अंदाजाने देऊ नये.

तिसरी तपासणी कुत्रा गाडीत कुठे बसतो याची आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण उष्माघाताची बहुतेक प्रकरणे मला इथेच सापडली आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून तोंडातील ओलावा वाफेने उडवणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत ती वाफ नीट उडत नाही, म्हणून पुण्याच्या कोरड्या चाळीस अंशांपेक्षा किनाऱ्यावरचे चौतीस-पस्तीस अंश त्याला कधी कधी जड जातात. त्यात मागच्या सामानाच्या जागेत वातानुकूलनाचा झोत पोहोचत नाही आणि बाजूच्या काचेतून ऊन थेट अंगावर येते. पुढे बसलेल्या माणसांना गाडी थंडगार वाटत असताना मागे कुत्रा तापत असतो. म्हणून निघाल्यावर पहिल्या थांब्याला त्याच्या जागी स्वतःचा हात काही मिनिटे ठेवून पाहावा. हवा पोहोचत नसेल तर जागा बदलावी. उभ्या, बंद गाडीत दहा मिनिटांत आतले तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. माणगावच्या कोंडीत अडकून थकल्यावर सगळेच जेवायला उतरतात, आणि ‘पाचच मिनिटे’ गाडीत ठेवलेला कुत्रा ताटे येईपर्यंत तिथेच राहतो. त्यासाठी एकाने आळीपाळीने त्याच्याजवळ थांबायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा आणि पर्शियन मांजरांचा श्वासमार्गच अरुंद असतो. अशा प्राण्यांना मे महिन्यात भर दुपारी कोकणात नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायचेच असेल तर पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

डिजिटल थर्मामीटर हे या सगळ्या सामानातले सर्वांत मोलाचे साधन आहे. तो प्राण्यासाठी वेगळा ठेवावा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात हळूच घालावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने ताप वाटणारा आकडा त्याच्यासाठी नेहमीचाच असतो. नाक गरम लागले म्हणून ताप आहे असे मानू नये. नाकावरून काहीच ठरत नाही. १०३.५ च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टरशी बोलावे, १०५ च्या पुढे गेले तर बोलण्यात वेळ न घालवता निघावे. तापमान ९९ च्या खाली उतरणे हेही तितकेच वाईट लक्षण आहे.

ताप आहे म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा मोह सर्वांना होतो. मांजराला ती एक गोळीसुद्धा मारक ठरते, कारण तिचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही. कुत्र्यांतही इबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. वेदनेवर किंवा तापावर माणसांचे कोणतेही औषध पशुवैद्याने वजन विचारून सांगितल्याखेरीज द्यायचे नाही, हा नियम घरातल्या आजी-आजोबांसह सर्वांना आधीच सांगून ठेवावा. वजन कळण्यासाठी दवाखान्यात जावे लागत नाही : कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. फोनवरून सल्ला देणारा डॉक्टर पहिली गोष्ट हीच विचारतो.

अन्न-पाण्याची तपासणी तशी सोपी आहे. रोजचे खाणे सुटीच्या दिवसांपेक्षा थोडे जास्तच बरोबर न्यावे आणि पहिले दोन दिवस उकळून गार केलेले पाणी द्यावे. साधे जुलाब असतील, कुत्रा खेळत असेल आणि पाणी पीत असेल, तर एक दिवस मऊ भात आणि मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे देऊन पाहावे. चोवीस तासांत उतार पडला नाही तर थांबावे आणि डॉक्टर गाठावा. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर चोवीस तास वाट पाहू नये. समुद्रावर नेलेल्या कुत्र्याने खारे पाणी पोटभर प्यायले की जुलाब होतात आणि अति झाले तर मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून किनाऱ्यावर गोड्या पाण्याची बाटली जवळ असावी.

मुंबईत कुत्र्याला ठाऊक नसलेल्या वस्तू गावी जमिनीवर पडलेल्या असतात, आणि प्रत्येक ऋतूची वस्तू वेगळी असते. मे महिन्यात आंब्याची कोय गिळली जाते आणि आतड्यात अडकते; ओल्या काजूबीच्या सालीतील चीक तोंड भाजतो. पावसाळ्यात लोणावळ्याकडे दाणे खाऊन फेकलेली मक्याची कणसे कोयीसारखीच आतड्यात अडकतात. गणपतीत प्रसादातील मनुका आणि बेदाणे कोणी प्रेमाने भरवतात. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडू शकतात आणि किती मनुकांनी ती बिघडतील याचा अंदाज करता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात. वडे-सागोतीच्या पंगतीनंतर शिजलेली हाडे उचलली जातात आणि त्यांची टोकदार छकले होतात. घरात पाऊल ठेवताच यजमानांना एवढेच विचारावे की उंदरांचे औषध कुठे ठेवले आहे. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, गोठ्यात ते असतेच. झिंक फॉस्फाइडची काळी पूड काही तासांत परिणाम करते, तर रक्त गोठू न देणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला कुत्रा तीन दिवस अगदी ठीक दिसतो. त्यामुळे खाताना पाहिले असेल तर लक्षणांची वाट न पाहता पाकीट घेऊन दवाखान्यात जावे. दुसऱ्या प्रकारावर व्हिटॅमिन के-१ हा चांगला उतारा आहे, पण तो वेळेत सुरू झाला पाहिजे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. त्या मिठानेच विषबाधा होते.

गोचिडींची तपासणी, जी सर्वांत जास्त वेळा राहून जाते

तपकिरी रंगाची कुत्र्याची गोचीड दगडी गडग्यांच्या फटींत, गोठ्याच्या भिंतीत, जुन्या घराच्या चौकटीत राहते आणि ती रक्त पिताना एर्लिकिया व बॅबेसिया हे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. ती चिकटल्यापासून काही तासांतच जंतू आत जाऊ शकतात, म्हणून गावी असेपर्यंत रोज संध्याकाळी अंग तपासायचे. कानांच्या आत आणि मागे, बोटांच्या मध्ये, काखेत, शेपटीखाली आणि गळपट्ट्याच्या खाली बोटे फिरवावीत. गळपट्टा न काढता केलेली तपासणी अर्धीच असते. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतणे, जळती काडी लावणे किंवा बोटांनी चिरडणे यांपैकी काहीही करू नये.

यावरचा खरा उपाय निघण्यापूर्वीचा आहे. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी ही गोचीड चावल्यावरच काम करते, ती चावण्यापासून रोखत नाही. म्हणून गोळी प्रवासाच्या काही दिवस आधी दिलेली असावी आणि रोजची तपासणी तरीही सोडू नये. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलेली आहे त्याला यांतल्या काही गोळ्या चालत नाहीत. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या दुकानातून आणू नयेत. पाठीवर सोडायचे औषध वापरत असाल तर त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ आणि समुद्रस्नान टाळावे. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे औषध तिच्या जवळपासही येऊ देऊ नये, कारण ते तिला विष आहे.

परतल्यावर दिनदर्शिकेवर तीन आठवडे पुढची तारीख लिहून ठेवावी आणि तोपर्यंत खाण्यावर, लघवीच्या रंगावर आणि हिरड्यांवर लक्ष ठेवावे. शंका आली तर रक्ताची तपासणी, त्यातील प्लेटलेटची (रक्त गोठवणाऱ्या पेशींची) संख्या आणि काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा खर्च टाळण्यासारखा नाही. इथे एक चूक फार जण करतात : गेल्या वेळची डॉक्सीसायक्लिन (एक प्रतिजैविक) उरली आहे म्हणून ती सुरू केली जाते. ती एर्लिकियावर चालते, पण बॅबेसियाला तेवढ्याने आटोक्यात आणता येत नाही, आणि अर्धवट औषधाने पुढची तपासणी फसवी होते. गोळी सुरू करण्यापूर्वी कुत्र्याचे रक्त तपासणीसाठी द्यावे.

निघण्याच्या महिनाभर आधीच्या, वेळ घेणाऱ्या गोष्टी

लसीकरणाचे पुस्तक काढून तारखा पाहाव्यात. रेबीजची लस चालू असली पाहिजे, कारण गावच्या मोकाट कुत्र्यांशी किंवा कोल्ह्यांशी झटापट होऊ शकते. चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस आधी दिलेली असली तरी डॉक्टरकडे जावे, आणि जखम हाताळणाऱ्या माणसानेही स्वतःच्या डॉक्टरला विचारावे. गणपतीला जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची आठवण ठेवावी. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून हा जंतू शरीरात शिरतो. ही लस पहिल्यांदाच घेत असाल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग होत नाही.

रेल्वेने जाणार असाल तर कुत्र्याला आपल्यासोबत नेण्याची सोय फक्त वातानुकूलित प्रथम वर्गात, पूर्ण कूपे किंवा केबिन, म्हणजे दाराचा बंद कप्पा, आपल्या नावावर असेल तरच आहे. अन्यथा त्याची रवानगी गार्डच्या डब्यातील पेटीत होते, आणि उन्हाळ्यात त्या पेटीत कुत्रा ठेवू नये असे मी प्रत्येकाला सांगतो. पार्सल कार्यालयात नोंदणीच्या वेळी लसीकरणाचे पुस्तक आणि प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्याचे ताजे प्रमाणपत्र दाखवावे लागते.

रोजचे औषध चालू असेल तर ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्यावे. फिटच्या गोळीत एक-दोन दिवसांचा खंड पडला तरी फिट परत येऊ शकते आणि ती गोळी तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही. इन्सुलिन थंड पिशवीत न्यावे, पण बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ज्याला पैसे लागत नाहीत पण चिकाटी लागते : गावाजवळचा डॉक्टर आधी शोधून ठेवणे. मुंबईत आपल्याला परळचा बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाचा परिसर, तिथलेच १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय असा आधार आहे. जिल्ह्यात गेल्यावर पहिला आधार सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा असतो, आणि त्याच्या पाटीवरची श्रेणी वाचायला हवी. श्रेणी १ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर पशुवैद्य असतो. श्रेणी २ चा कारभार अनेक ठिकाणी पदविकाधारक कर्मचारी पाहत आले आहेत. ही मंडळी गाई-म्हशींच्या कामात मुरलेली असतात आणि अडचणीत मनापासून मदत करतात, परंतु कुत्र्याचे क्ष-किरण चित्र किंवा पोटाची शस्त्रक्रिया त्यांच्याकडून अपेक्षू नये. त्याकरिता जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी जावे लागते. वाई-महाबळेश्वरच्या बाजूला जाणाऱ्यांनी पुणे-सातारा रस्त्यावरील शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लक्षात ठेवावे. १९६२ हा पशुसंवर्धन सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः शेतकऱ्यांच्या पशुधनासाठी आहे, तरी जवळचा दवाखाना विचारण्यासाठी तो टिपून ठेवायला हरकत नाही.

दवाखान्याचा क्रमांक मिळाला की निघण्यापूर्वी एकदा फोन करून विचारावे : कुत्र्या-मांजरांवर उपचार होतात का, रात्री आणि रविवारी कोण असते, सलाईन लावण्याची सोय आहे का, आणि सर्पविषावरील इंजेक्शन कुठे मिळते. शेवटचा प्रश्न कोकणात फार मोलाचा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर फुरसे पुष्कळ आहे. ते आकाराने लहान असल्यामुळे पाचोळा हुंगणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला किंवा पायाला चावते. झपाट्याने वाढणारी सूज आणि न थांबणारे रक्त ही त्याची खूण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच मिश्र प्रतिविष चालते, त्यामुळे साप ओळखण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून गाडीत ठेवावे आणि वाटेतूनच दवाखान्याला कळवावे.

बरोबरच्या पिशवीत थर्मामीटर, चिमटा, निर्जंतुक गॉज, रुंद क्रेप पट्टी, पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची बाटली, सुई नसलेली सिरिंज, मुसके आणि गळ्याभोवती लावायची प्लास्टिकची कॉलर एवढे पुरे. मुसके प्रेमळ कुत्र्यासाठीही न्यावे, कारण असह्य वेदनेत तो मालकालाही चावतो. मात्र धाप टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याला ते कधीही घालू नये.

सर्वांत अवघड तपासणी : न्यावे की न न्यावे

वरील सर्व गोष्टी करूनही एखादा प्राणी दर सुटीत आजारी पडत असेल, तर त्याला नेण्याचा आग्रह सोडावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेला म्हातारा कुत्रा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला प्राणी, फटाक्यांच्या आवाजाने सैरभैर होऊन पळणारा कुत्रा आणि बहुतेक सगळी मांजरे मुंबईतच अधिक सुरक्षित असतात. मांजरासाठी तर घरीच ठेवून रोज दोनदा कोणीतरी येणे ही सर्वांत चांगली सोय. मात्र येणाऱ्याने ताटली आणि मातीचा ट्रे दोन्ही पाहिले पाहिजेत, कारण मांजर दोन दिवस जेवले नाही तर यकृतावर परिणाम होऊ लागतो. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल तर रात्री तिथे माणूस असतो का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि संसर्गजन्य खोकल्याची लस आधी द्यावी.

ठेवताना एक पत्र लिहून द्यावे. प्राण्याचे वय, वजन, चालू औषधे व त्यांच्या वेळा, ज्या औषधांचा पूर्वी त्रास झाला त्यांची नावे, नेहमीच्या डॉक्टरचा क्रमांक, मी फोनवर मिळालो नाही तर निर्णय कोण घेईल त्याचे नाव, आणि तातडीच्या उपचारासाठी किती रुपयांपर्यंत खर्चाला माझी संमती आहे, हे सर्व त्यात स्पष्ट असावे. गावी नेटवर्क नसते आणि शस्त्रक्रियेपूर्वी दवाखाना मालकाची संमती मागतो. नेमक्या त्या वेळी हे पत्र उपयोगी पडते. त्याची एक सही केलेली प्रत नेहमीच्या डॉक्टरकडेही निघण्याच्या आदल्या दिवशी देऊन ठेवावी.